वाकलेल्या कमरेचा हिशेब

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि त्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतली कितीतरी गावे निम्मीशिम्मी रिकामी होतात. बालाघाटाच्या कोरडवाहू माळावरची ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच कोप्या टाकून राहतात. या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. माणसाची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, तोडलेल्या उसाची टनावर होते, घेतलेल्या उचलीची रुपयांत होते. ज्या कमरेच्या बळावर हे सगळे उभे असते तिचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत नसतो. तो हिशेब शरीरयंत्रशास्त्रात, म्हणजे हाडे, सांधे आणि स्नायू यांच्यावर पडणाऱ्या बलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, गेली सहासात दशके मांडला जात आहे, आणि अंगावर घालून कमरेचा ताण हलका करणारी जी साधने अलीकडे निघाली आहेत त्यांची पारख करायची तर याच हिशेबातून जावे लागते.

ऊसतोडीत वाकणे हा कामगाराच्या सवयीचा भाग नाही, ती पिकाची मागणी आहे. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त आणि शेंड्याकडे सर्वांत कमी असते, त्यामुळे बुडखा जमिनीवर उभा राहिला तर शेतकऱ्याचे वजन आणि कारखान्याचा उतारा दोन्ही बुडतात. शिवाय खोडवा ठेवायचा असेल तर नवा फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून यावा लागतो, म्हणून घाव जमिनीलगतच बसला पाहिजे. कोयत्याचा दांडा आखूड, त्यामुळे घाव जितका खाली तितके धड खाली. तोडलेला ऊस उचलून त्याचे पाचट साळायचे, शेंडा छाटून वाढे बाजूला टाकायचे, ऊस ओळीने रचायचे, वाढ्यांचाच बंध वळून मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, हा कामाचा एक फेरा होय. एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि एका उसाचे वजन साधारण एक ते दीड किलो धरले, तर दिवसाकाठी तेराशे ते दोन हजार ऊस जमिनीलगत तोडावे लागतात. एका वाकण्यात दोनचार ऊस हाताशी आले असे मानले तरी वाकण्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते, आणि तीस किलोची मोळी धरली तर जमिनीवरून उचलायच्या मोळ्या सदुसष्टच्या घरात भरतात.

माणूस कमरेतून पुढे वाकतो तेव्हा पाठीचा कणा एखाद्या तरफेसारखा वागतो. टेकू कमरेच्या सर्वांत खालच्या मणक्यांपाशी, भार म्हणजे पुढे झुकलेले धड, डोके आणि हात, आणि हा भार मागून ओढून धरणारे बल म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे जाणारे जाड स्नायू, ज्यांना कणा-उभारक स्नायू म्हणता येईल. या तरफेची रचना स्नायूंच्या दृष्टीने फार गैरसोयीची आहे, कारण हे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात, तर वाकलेल्या धडाचे भारकेंद्र पंचवीस-तीस सेंटिमीटर पुढे गेलेले असते. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या कमरेवरच्या शरीराचा भार ढोबळमानाने पंचवीस किलो आणि अंतर पंचवीस सेंटिमीटर धरले, तर तो तोलण्यासाठी स्नायूंना १२५ किलो वजनाइतकी ओढ लावावी लागते, आणि तिच्या हातात तेव्हा कोयत्याखेरीज काहीही नसते. तिने तीस किलोची मोळी कमरेपासून चाळीस सेंटिमीटर पुढे धरून उचलली तर त्यात आणखी २४० किलोंची भर पडून ही ओढ ३६५ किलोंवर जाते. स्नायू जितके ओढतात तितके मणके एकमेकांवर दाबले जातात, म्हणजे दोन मणक्यांमधल्या मऊ चकतीवर किमान एवढा दाब येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने वजन उचलण्याच्या कामासाठी या दाबाची मर्यादा ३,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३४७ किलो वजनाइतकी मानली आहे, आणि अगदी अनुकूल परिस्थितीत, म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर आणि क्वचितच उचलायचे असेल तेव्हा, २३ किलोंपर्यंतचे ओझे सुरक्षित धरले आहे. फडातली मोळी जमिनीवर असते, अंगापासून लांब असते आणि दिवसभर उचलायची असते.

या चित्रात एक गुंतागुंत आहे आणि साधनांची चर्चा करताना ती बहुधा सुटून जाते. लंडनमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकात पाठीच्या स्नायूंवर विद्युतखुणा टिपणारे अग्र लावून पाहिले, तेव्हा असे दिसले की माणूस वाकत जातो तसतशी कणा-उभारक स्नायूंची क्रियाशीलता वाढते, परंतु तो पूर्ण वाकला की हे स्नायू अचानक शांत होतात. भार नाहीसा झालेला नसतो. तो स्नायूंनी सोडून हाडांना जखडणाऱ्या अस्थिबंधांवर आणि चकतीच्या मागच्या कडेवर टाकलेला असतो. स्नायू दमल्यावर विसावा घेतो, जेवणपाण्याने सावरतो. अस्थिबंध मात्र ताणून धरलेल्या कातड्याच्या वादीसारखा हळूहळू सैलावतो आणि मूळच्या लांबीवर यायला त्याला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात कणा पुरेसा जखडलेला नसतो. तासभर वाकून तोडणी केल्यावर लगेच मोळी उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते. 'कंबर धरली' असे ज्याला फडात म्हणतात त्यात दमलेला स्नायू किती आणि सैलावलेला अस्थिबंध किती, हे बाहेरून सांगता येत नाही.

कमर दुखू लागली की औषधाच्या दुकानातून आणला जाणारा बेल्ट, म्हणजे पोटाभोवती आवळायचा रुंद कमरपट्टा, हे या बाबतीतले सर्वांत ओळखीचे साधन. त्याने पोटातला दाब थोडा वाढतो, कंबर बांधल्यासारखी वाटते आणि वाकण्याची मोकळीक काहीशी कमी होते; परंतु वाकलेल्या धडाचा भार पेलण्याची कोणतीही वेगळी वाट हा पट्टा निर्माण करत नाही, कारण तो धडाला मांडीशी जोडत नाही. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेने १९९४ मध्येच निरोगी कामगारांना दुखापत टाळण्यासाठी असे पट्टे देण्याची शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष काढला, आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तिथल्या ३० राज्यांतल्या १६० दुकानांमधील माल हाताळणाऱ्या कामगारांच्या मोठ्या पाहणीत पट्टा नेहमी वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत पाठदुखीच्या तक्रारी व नुकसानभरपाईचे दावे यांत फरक आढळला नाही. पट्ट्याने बरे वाटते हे खोटे नाही. बरे वाटणे आणि भार कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या साधनांचे तत्त्व मात्र वेगळे आहे. त्यांत खांद्यांपासून पाठीवरून खाली मांड्यांपर्यंत लवचीक पट्टे किंवा स्प्रिंगा बसवलेल्या असतात. माणूस वाकला की ते ताणले जातात, उठताना आकसतात आणि ताणताना साठलेली शक्ती परत देतात. दाराला लावलेली स्प्रिंग जशी उघडताना अडते आणि मिटताना ओढते, तसाच हा प्रकार. यात मोटार नसते, बॅटरी नसते. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात या शतकाच्या पहिल्या दशकात असे लवचीक साधन तपासले गेले, नेदरलँड्समध्ये छाती आणि मांड्यांवर टेकणारा स्प्रिंगांचा बाह्यसांगाडा बाजारात आला, आणि अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधनातून कपड्यासारखे अंगात घालता येणारे साधन निघाले. या रचनेचा खरा चतुरपणा तरफेच्या गणितात आहे. स्नायू टेकूपासून पाच सेंटिमीटरवर, तर पट्टा कातडीच्या बाहेरून, म्हणजे आठदहा सेंटिमीटरवर जातो. त्यामुळे स्नायूच्या २५ किलोंच्या ओढीचे काम पट्टा साडेबारा किलोंत करतो, आणि स्नायूची ओढ तेवढी कमी झाल्यावर मणक्यांवरचा एकूण दाबही उरलेल्या साडेबारा किलोंनी उतरतो. स्नायूंना मिळालेली मदत कण्यावर नवा बोजा टाकून आलेली नसते.

मदत किती मिळते याचे मोजमाप स्नायूविद्युत-आलेखाने करतात. कातडीवर चिकटवलेले अग्र स्नायू आकुंचन पावताना उठणाऱ्या सूक्ष्म विद्युतलहरी टिपतात, आणि त्यांची तीव्रता साधनासह व साधनाविना ताडून पाहिली जाते. मोटार नसलेल्या साधनांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१६ मध्ये जो एकत्र आढावा घेतला गेला त्यात वजन उचलताना किंवा वाकून स्थिर राहताना पाठीच्या स्नायूंची क्रियाशीलता दहा ते चाळीस टक्क्यांनी घटल्याचे दिसते. हा पल्ला मोठा आहे, आणि तो तसा असण्याचे एक कारण वर सांगितलेल्या शांत होणाऱ्या स्नायूंत दडलेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी शेतीकामासारख्या वाकलेल्या स्थितीत अशा साधनाची चाचणी केली, तेव्हा ज्यांचे स्नायू पूर्ण वाकल्यावर शांत होत नव्हते त्यांना कमरेच्या स्नायूंत स्पष्ट आराम मिळाला. ज्यांचे आधीच शांत होत होते त्यांच्या आलेखात घटण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. अशांच्या बाबतीत साधनाचा फायदा झाला तर तो अस्थिबंधांना होतो, आणि स्नायूंची वीज मोजणारे यंत्र तो दाखवत नाही. त्यामुळे 'ताण इतके टक्के कमी' अशी जाहिरातीतली ओळ वाचताना कोणाचा ताण, वाकण्याच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशाने मोजलेला, हे विचारणे भाग आहे.

हेच गणित फडात आणले तर आणखी एक मर्यादा उघडी पडते. लवचीक पट्ट्याची ओढ माणूस किती वाकला यावर ठरते. त्याच्या हातात काय आहे हे पट्ट्याला कळत नाही. समजा, पट्टा रिकाम्या वाकण्यातला एकपंचमांश भार उचलतो, म्हणजे १२५ किलोंची ओढ १०० वर आणतो. घाव घालताना, पाचट साळताना, ऊस रचताना ही मदत खरोखर मोलाची आहे, कारण दिवसातली बहुतेक वाकणी याच जातीची असतात आणि सतत आखडलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नसल्याने थोडी सैलीही त्याला उपयोगी पडते. पण तीस किलोंची मोळी उचलताना त्याच पट्ट्याचे तेच २५ किलो ३६५ मधून वजा होतात, आणि घट जेमतेम सात टक्के उरते. पुढे मोळी डोक्यावर गेली की भार कण्याच्या रेषेत येतो, पाठीच्या स्नायूंचे काम कमी होते आणि मानेच्या मणक्यांचे वाढते. तिथे पाठीवरच्या पट्ट्याला करण्यासारखे काही नाही, उलट मांडीला बांधलेला ताण चालताना पाय मागे ओढतो. काही साधनांत चालण्यासाठी ताण सोडण्याची कळ असते, पण डोक्यावर मोळी, पायाखाली तासलेल्या बुडख्यांचे टोकदार अवशेष आणि समोर ट्रकला लावलेली फळी असताना कळ दाबायला हात रिकामा कोणाचा असतो?

साधनाची बांधणी कोणाच्या अंगावर बेतली आहे हाही प्रश्न किरकोळ नाही. ही साधने बहुतांशी गोदामात आणि कारखान्यात पँट घालून काम करणाऱ्या कामगारांसाठी घडली. ऊस तोडणारी बाई साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, कारण उसाच्या पातीची कड करवतीसारखी कापते; त्या पोशाखात मांडीचा पट्टा साडीवरून बांधला तर कापडाच्या चुण्यांत सरकतो आणि साडीखालून बांधला तर मांडी सोलून निघते. छातीवर टेकणारी गादी अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईला सहन होण्यासारखी नाही. पानांच्या देठावरची बारीक कुसळे पट्ट्याखाली अडकली की खाज आणि घाम मिळून पुरळ उठते, आणि कोपीत अंघोळीच्या पाण्याचीच ओढाताण असताना पट्टे रोज धुतले जातील हे गृहीत धरता येत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालांत 'गैरसोय' या एका शब्दात मावणाऱ्या या गोष्टी साधन दुसऱ्या दिवशी अंगात चढणार की कोपीच्या मेढीला लटकणार हे ठरवतात.

बीडच्या संदर्भात या दुखण्याला एक वेगळे आणि गंभीर अंग आहे. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. कंबर आणि ओटीपोट यांच्या वेदना एकमेकींत मिसळतात, आणि वाकण्या-उचलण्याच्या कामातून आलेले दुखणे कोणते व गर्भाशयाच्या विकाराचे कोणते हे निवडायला तपासणी आणि वेळ दोन्ही लागतात. हंगामाच्या मध्यावर असलेल्या बाईजवळ यांपैकी काहीच नसते, कारण एका दिवसाचा खाडा पडला की मजुरी बुडतेच, वर दंडही लागतो. शिवाय ज्या स्त्रीला अंग बाहेर येण्याचा त्रास आहे तिच्या पोटाभोवती घट्ट पट्टा आवळला तर पोटातला वाढलेला दाब खालच्या बाजूला ढकलत राहतो. कमरेसाठी विकत आणलेला बेल्ट अशा वेळी दुसरेच दुखणे वाढवू शकतो, आणि तो विकणारा हे विचारत नाही.

मजुरीची पद्धत या साऱ्यावर सावली धरून असते. तोडणीचा दर टनावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली, पण मोजमापाचे एकक टनच राहिले. घेतलेली उचल टनांतूनच फिटते. अशा व्यवस्थेत साधनाने स्नायूंचा थकवा एकपंचमांशाने लांबवला तर बाई तेवढा वेळ अधिक बसेल असे मानणे भोळेपणाचे होईल. वाचलेली ताकद आणखी एका सरीत खर्च होण्याचीच शक्यता जास्त, आणि तसे झाले तर स्नायूंचा ताण पूर्वीइतका होऊन मणक्यांवरचे एकूण दाब मात्र वाढलेले असतील. साधनाच्या परिणामाचे मोजमाप म्हणून तासाभराच्या चाचणीत नाही तर अख्ख्या हंगामात, टनांच्या वहीशेजारी ठेवून व्हायला हवे. दीर्घकाळ वापराने पाठीच्या दुखापती खरोखर घटतात हे पक्केपणाने दाखवणारा पुरावा अजून जमायचा आहे.

माणसाच्या पाठीला जोड देण्याऐवजी हत्यारच बदलण्याचेही एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाच्या भाजीमळ्यांत मजुरांना आखूड दांड्याच्या खुरप्याने दिवसभर दुमडून काम करावे लागे. लांब दांड्याने काम नेटके होत नाही असे मळेवाले सांगत. मजुरांच्या पाठी कामातून गेल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये त्या खुरप्यावर बंदी आली. मळे त्यानंतरही पिकत राहिले. कोयत्याचे प्रकरण इतके सरळ नाही, कारण त्याच कोयत्याने बुडखा तोडायचा, पाचट साळायचे आणि शेंडा छाटायचा असतो, आणि लांब दांडा पहिल्या कामाला सोयीचा झाला तरी पुढच्या दोन्हींना आडवा येतो. दुसरी वाट तोडणी यंत्राची. सरकार त्याला अनुदान देते, रुंद सरीच्या मोठ्या रानात ते चालतेही. तिथे वाकणे संपते आणि त्याबरोबर कोयत्याचा रोजगारही, आणि अरुंद सरीची, पडलेल्या उसाची, अडचणीची राने कोयत्याच्याच वाट्याला येतात.

उरते मोळी. तीस किलोंची मोळी वीस किलोंची केली तर उचलतानाची ओढ ३६५ वरून २८५ किलोंवर येते, म्हणजे पट्ट्याने सात टक्के घट होते तिथे बावीस टक्के होते, आणि चकतीवरचा सर्वोच्च दाब मर्यादेच्या आत येण्याची शक्यता निर्माण होते. मात्र सदुसष्ट मोळ्यांच्या शंभर मोळ्या होतात, आणि दर खेपेला स्वतःचे धडही नव्याने उचलावे लागत असल्याने स्नायूंचे दिवसभराचे एकूण काम उलट सहाव्या हिश्श्याने वाढते. चकतीला वाचवणारा उपाय स्नायूला दमवतो. आणि नेमके इथे, हलक्या मोळ्यांच्या वाढलेल्या वाकण्यांत, लवचीक पट्टा आपली खरी जागा घेऊ शकतो, कारण ओझे जितके हलके तितका त्याच्या २५ किलोंचा वाटा मोठा. मोळी हलकी करायला पैसा लागत नाही, बंध आवळताना सातआठ ऊस बाजूला ठेवायचे असतात. परंतु डोकी सेंटरवर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरायचा असतो तिथे, ट्रक रात्री उशिरा येऊन लागतो, भरून झाल्याशिवाय कोपीवर जाता येत नाही आणि पहाटे पुन्हा फड गाठायचा असतो; अशा वेळी फळीवरच्या फेऱ्या दीडपट करणारी मोळी कोण बांधील?